सोन्याच्या तारेतील कोडे आणि जड झालेले इलेक्ट्रॉन

१९७५ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेतून दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पहिला सिरियम आणि ॲल्युमिनियम यांच्या एका संयुगाविषयी होता. त्यातील इलेक्ट्रॉन सर्वसाधारण धातूंतील इलेक्ट्रॉनांच्या शेकडो पटींनी जड असल्यासारखे वागतात, असे त्यात नोंदवले होते. दुसरा निबंध युरेनियम आणि बेरिलियम यांच्या संयुगाविषयी होता. त्यात एका केल्विनच्या किंचित खाली विद्युतरोध नाहीसा झाल्याची नोंद होती. मात्र हा गुण त्या संयुगाचा नसून नमुन्यात राहून गेलेल्या शुद्ध युरेनियमच्या बारीक तंतूंचा असावा, असा अभिप्राय देऊन लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळले होते.

पहिल्या निबंधाने पदार्थविज्ञानाची एक शाखा सुरू झाली. दुसऱ्यातील ती नोंदही त्याच शाखेची होती, हे कळायला आठ वर्षे जावी लागली.

या धाग्यांचे नेहमीचे वाचक जाणतात की, बखरीतला एखादा न पटणारा उल्लेख 'लेखनिकाचा प्रमाद' म्हणून बाजूला सारणे फार सोपे असते. प्रयोगशाळेतही तसेच घडते. एखादी नोंद प्रमाद का वाटते हे समजायचे असेल, तर त्या काळी लोक काय खरे मानत होते ते आधी पाहावे लागते. त्यासाठी आपल्याला हॉलंडमधील लायडन शहरी जायचे आहे.

हाइके कामरलिंग ऑनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी लायडन येथे प्रथमच हेलियम द्रवरूप केला आणि निरपेक्ष शून्याच्या चार-पाच अंश वरपर्यंतचा प्रदेश माणसाच्या हाती आला. त्या काळी एक प्रश्न चर्चेत होता : तापमान शून्याकडे नेले तर धातूच्या विद्युतरोधाचे काय होईल? जेम्स ड्यूअर यांच्या मते तो शून्याकडे जाईल. लॉर्ड केल्विन यांना वाटत होते की इलेक्ट्रॉन गोठून अणूंना चिकटतील आणि रोध अपरंपार वाढेल. तिसरा पक्ष मॅथिसन यांच्या जुन्या नियमाचा होता. धातूतील भेसळीमुळे येणारा रोध तापमानाने बदलत नाही, म्हणून शेवटी तेवढा स्थिर रोध उरेल, असे हा पक्ष सांगत होता. १९११ मध्ये पाऱ्याने सर्वांनाच चकवले. सुमारे ४.२ केल्विनला त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. ही अतिवाहकता. मात्र सोने, तांबे, चांदी यांनी तिसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे केले. त्यांचा रोध घटत घटत एका पातळीवर येऊन थांबे.

निदान तसे मानले जात होते. १९३३-३४ च्या सुमारास त्याच लायडनमध्ये डी हास, डी बूर आणि वान डेन बर्ख यांनी सोन्याच्या तारेचा रोध फार काळजीपूर्वक मोजला. तो काही केल्विनपर्यंत घटला आणि मग अगदी थोडा, पण निश्चितपणे, पुन्हा वाढू लागला. थंडी वाढते तशी अणूंची थरथर कमी होते आणि इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते. मग रोध वाढेल कशामुळे?

हे कोडे जवळजवळ तीस वर्षे तसेच राहिले. एवढे हळूहळू उमगले की सोन्यात शिरलेल्या लोहासारख्या चुंबकीय अणूंशी याचा संबंध आहे, मग त्यांचे प्रमाण दहा लाखांत काही थोडे एवढेच का असेना. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण संशोधक मिरियम सॅराचिक यांनी मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूंत एक टक्का लोह मिसळून पद्धतशीर मोजमाप केले आणि १९६४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यातून स्पष्ट दिसले की ज्या मिश्रधातूत लोहाचा अणू आपले चुंबकत्व टिकवून धरतो, तिथेच रोध पुन्हा वाढतो. जिथे ते चुंबकत्व विरते, तिथे वाढत नाही. या इतिहासात सॅराचिक यांचे नाव बहुधा ओझरते येते. माझ्या मते ते ठळकपणे यायला हवे, कारण दोषी अणू नेमका कोणता गुण अंगी बाळगतो, याचा इतका नेटका पुरावा क्वचितच मिळतो.

त्याच वर्षी तोक्योच्या इलेक्ट्रोटेक्निकल प्रयोगशाळेतील जुन कोंडो यांनी उत्तर दिले. इलेक्ट्रॉन चुंबकीय अणूवर आदळतो तेव्हा दोघांच्या फिरक्यांची अदलाबदल होऊ शकते. इलेक्ट्रॉनाची 'वर' असलेली फिरकी 'खाली' होते आणि अणूची 'खाली' असलेली 'वर' होते. कोंडोंच्या आधीची गणिते पहिल्या पायरीवर थांबत होती. कोंडोंनी पुढची पायरी मोजली. तिथे तापमानाचा लॉगॅरिदम अवतरला : तापमान जितके कमी, तितका रोध जास्त. अणूंच्या थरथरीमुळे येणारा रोध तापमानाच्या पाचव्या घाताने घटतो आणि कोंडोंचे पद लॉगॅरिदमने वाढते. दोहोंची बेरीज केली की एक नीचतम बिंदू मिळतो. तो बिंदू भेसळीच्या पाचव्या मुळाच्या प्रमाणात सरकायला हवा. म्हणजे भेसळ ३२ पट केली तर त्याचे तापमान केवळ दुप्पट होईल. सोने-लोहाच्या उपलब्ध आकड्यांशी सूत्र जुळले.

तीस वर्षांचे कोडे सुटले खरे, पण त्याच सूत्रातून दुसरे उभे राहिले. शून्य तापमानाला लॉगॅरिदम अनंताकडे जातो. खऱ्या धातूचा रोध अनंत होत नाही. याचा अर्थ, एका विशिष्ट तापमानाखाली कोंडोंचे गणितच कोलमडते. या तापमानाला पुढे 'कोंडो तापमान' हे नाव पडले. त्याखाली काय घडते, हा 'कोंडो प्रश्न' झाला आणि पुढची दहा वर्षे अनेक नामवंत त्यात गुंतले. फिलिप अँडरसन यांनी १९७० मध्ये वाट दाखवली. केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने तो तडीस नेला. १९८२ चे नोबेल त्यांना ज्या पद्धतीसाठी मिळाले, तिची एक कसोटी हाच प्रश्न होता. उत्तर असे निघाले : कोंडो तापमानाच्या खाली भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून त्या अणूचे चुंबकत्व झाकून टाकतात. चुंबकीय अणू बाहेरून पाहता अचुंबकीय भासू लागतो.

इथे थोडे थांबू, कारण पुढचा सगळा इतिहास या तापमानाच्या स्वभावावर उभा आहे. धातूतील इलेक्ट्रॉनांची स्वतःची ऊर्जा अवाढव्य असते. तांब्याच्या बाबतीत ती तापमानात सांगायची तर सुमारे ८० हजार केल्विन भरते. कोंडो तापमान मात्र काही केल्विनांचे, कधी त्याहूनही कमी. एवढ्या मोठ्या मोजपट्टीतून इतकी इवली मोजपट्टी निघते कशी? कारण ते तापमान इलेक्ट्रॉन आणि अणू यांच्यातील बंधाच्या बळावर घातांकी रीतीने अवलंबून असते. कागद घेऊन करून पाहा. मूळ ऊर्जा १० हजार केल्विन धरा आणि बंधाचे बळ ०.१. मग १० हजाराला 'ई'च्या दहाव्या घाताने भागायचे. उत्तर सुमारे अर्धा केल्विन येते. आता बळ ०.१५ करा. उत्तर १३ केल्विनच्या जवळ जाते. बळ दीडपट झाले आणि तापमान जवळजवळ २८ पट. जड इलेक्ट्रॉनांच्या पदार्थांत किंचित दाबाने किंवा किंचित भेसळीने सारे रूप पालटते, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

आता १९७५ कडे परत येऊ. क्लाउस अँड्रेस, जॉन ग्रेबनर आणि हान्स रुडॉल्फ ऑट यांच्यासमोर भेसळीचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या संयुगात प्रत्येक सिरियम अणूमागे तीन ॲल्युमिनियम अणू होते आणि प्रत्येक सिरियम अणू चुंबकीय होता. असे चुंबकीय अणू एकमेकांना इशारे करतात आणि थंडीत एका सुबक रचनेत गोठतात. सर्वसाधारण अपेक्षा तीच होती. इथे ते गोठले नाहीत. ०.२ केल्विनच्या खाली त्यांनी विशिष्ट उष्मा मोजली, तेव्हा ती साध्या धातूसारखी तापमानाच्या सरळ प्रमाणात होती. चकित करणारा होता तो तिचा गुणांक : १६२० मिलिजूल प्रति मोल प्रति केल्विन-वर्ग. तांब्याचा हाच गुणांक ०.७ च्या आसपास असतो. गुणांक इलेक्ट्रॉनाच्या परिणामी वस्तुमानाबरोबर वाढतो, म्हणून त्यातून निघणारे वस्तुमान प्रचंड होते.

इलेक्ट्रॉन खरोखर जड झाला असे मात्र समजू नये. तो आपला बहुतेक काळ सिरियमच्या ४एफ कवचात मुक्कामाला असतो आणि मग पुढच्या अणूकडे निघतो. मजल दरमजल, पण प्रत्येक मुक्काम लांबलेला. दुरून पाहणाऱ्याला तो प्रवासी जड वाटतो.

हा आकडा एका वेगळ्या वाटेनेही समजतो. एकट्या सिरियम अणूच्या चुंबकत्वाला थंडीत दोन पर्याय उरतात, वर किंवा खाली. त्या अनिश्चिततेची एन्ट्रॉपी एका मोलमागे ५.७६ जूल प्रति केल्विन इतकी ठरलेली असते. चुंबकत्व गोठून ती संपली नाही, तर इलेक्ट्रॉनांनी ती आपल्या खात्यात वळती करून घेतली पाहिजे. ५.७६ ला १.६२ ने भागले की साडेतीन केल्विन येतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण बोलका आहे. या पदार्थात ८० हजारांच्या जागी साडेतीनच्या आसपासची मोजपट्टी राज्य करते. मोजपट्टी जितकी लहान, तितका इलेक्ट्रॉन जड.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात बुखर आणि सहकारी यांना युरेनियम-बेरिलियममध्ये (एका युरेनियममागे तेरा बेरिलियम) ०.९७ केल्विनला अतिवाहकता दिसली. त्यांनी तिच्यावर विश्वास का ठेवला नाही? कारण तेव्हाचा अनुभव स्पष्ट होता : चुंबकत्व हे अतिवाहकतेचे विष आहे. १९५७ च्या सिद्धांतानुसार अतिवाहकतेत विरुद्ध फिरकीच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि चुंबकीय अणू त्या जोड्या फोडतो. बर्न्ट मथियास आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवले होते की लँथनममध्ये शंभरात एक गॅडोलिनियम अणू मिसळला तरी तिची अतिवाहकता जवळपास संपते. इथे तर पदार्थाच्या घडणीतच चुंबकीय अणू होते. शुद्ध युरेनियम स्वतः एका केल्विनच्या आसपास अतिवाहक होते, हे माहीत होते. तेव्हा 'तंतू' हे उत्तर हाताशीच होते. त्या संशोधकांना आज हसणे सोपे आहे, पण त्यांच्या काळाच्या पुराव्यावर त्यांचा निर्णय अविवेकी नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांच्याच नोंदीत खटकणारी होती. ती अतिवाहकता प्रबळ चुंबकीय क्षेत्रातही सहजासहजी नाहीशी होत नव्हती, आणि साध्या युरेनियमकडून असे बळ अपेक्षित नाही.

हे विष खरोखर विष आहे का, हा प्रश्न जर्मनीतून पुढे आला. फ्रांक श्टेगलिष कोलोनहून डार्मश्टाट येथे आले होते. सिरियम, तांबे आणि सिलिकॉन (एक, दोन, दोन या प्रमाणात) यांच्या संयुगात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे अर्ध्या केल्विनला अतिवाहकता आढळली. १९७९ च्या त्या निबंधाचे सामर्थ्य रोध शून्य झाल्यात नव्हते. तेवढे एखाद्या तंतूनेही साधले असते. सामर्थ्य विशिष्ट उष्मेच्या मोजणीत होते. अतिवाहक होताना त्या उष्मेत जी उडी दिसली, ती जड इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड उष्मेच्या तोलाची होती. एखाद्या भुरट्या अंशामुळे एवढी उडी येणे शक्य नाही. जोड्या जुळवत होते ते जड इलेक्ट्रॉनच. शिवाय सिरियमच्या जागी अचुंबकीय लँथनम ठेवले तर अतिवाहकता मिळत नव्हती. शंभरातील एक चुंबकीय अणू जिथे घातक ठरत होता, तिथे या पदार्थात पाचांतील एक अणू सिरियमचा होता, आणि तोच काढून घेतला की अतिवाहकता जात होती.

विश्वास बसायला वेळ लागला. काही प्रयोगशाळांतील स्फटिक अतिवाहक झालेच नाहीत आणि शंका बळावल्या. पुढे उलगडले की तांब्याच्या प्रमाणात अगदी किंचित फरक पडला तर तोच पदार्थ अतिवाहकाऐवजी चुंबकीय होतो. वरचा घातांकी हिशेब आठवावा. १९८३ मध्ये मात्र पारडे फिरले. झुरिचचे ऑट आणि रुडिगियर, तसेच लॉस अलामोसचे झॅकरी फिस्क आणि जेम्स स्मिथ यांनी युरेनियम-बेरिलियम पुन्हा तपासले. अतिवाहकता सुमारे ०.९ केल्विनला, आणि ती पदार्थाचीच. तंतूंची नव्हे. हे ऑट म्हणजे १९७५ च्या पहिल्या निबंधातील तिसरे नाव. १९८४ मध्ये ग्रेगरी स्टीवर्ट आणि लॉस अलामोसचे सहकारी यांनी युरेनियम-प्लॅटिनममध्ये ०.५४ केल्विनला तसाच प्रकार दाखवला आणि मग कोणी शंका घेण्याच्या भरीस पडले नाही.

आता उरतो तो सुसंगतीचा प्रश्न. या साऱ्या इतिहासातील सर्वांत खोल भाग मला हाच वाटतो.

एकटा चुंबकीय अणू थंडीत इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक अडवतो. कोंडोंनी सांगितले ते हेच. मग प्रत्येक घरात असा अणू बसवला तर रोध गगनाला भिडायला हवा. प्रत्यक्षात तो थंडीबरोबर वाढतो, एका शिखरावर पोहोचतो आणि मग वेगाने कोसळतो. अगदी कमी तापमानाला तो तापमानाच्या वर्गाप्रमाणे, सभ्य धातूसारखा वागतो. शाळेतले लेझीम पथक डोळ्यांसमोर आणा. एकजण चुकीच्या ठेक्यावर खेळत असेल तर सारा डाव विसकटतो. पण सगळेच त्या ठेक्यावर आले की तोच ठेका पथकाचा होतो. एकसारख्या अंतरावर, एकसारख्या वागणाऱ्या अणूंमधून इलेक्ट्रॉनाची लहर न विखुरता जाऊ शकते. अणूंनी आपापले चुंबकत्व स्वतंत्रपणे झाकून घेण्याऐवजी सर्वांनी मिळून एकच लय धरणे, ही सुसंगती.

जपानमध्ये ओनुकी आणि कोमात्सुबारा यांनी हे संक्रमण सिरियम-तांब्याच्या संयुगात (एकास सहा) पायरीपायरीने दाखवले. बहुतेक सिरियम काढून लँथनम घातले तर रोध थंडीत वाढत जाऊन स्थिरावतो, म्हणजे एकट्या अणूची कहाणी. सिरियमचे प्रमाण वाढवत नेले की वक्र वाकू लागतो आणि शुद्ध संयुगात दहा-पंधरा केल्विनच्या आसपास शिखर येऊन रोध घसरतो. १९८६-८७ मध्ये इंग्लंडमध्ये तीव्र चुंबकीय क्षेत्रातील आंदोलने मोजून इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान थेट 'तोलले' गेले. केंब्रिजचे गिल्बर्ट लोन्झारिच आणि लुई ताइफेर यांना युरेनियम-प्लॅटिनममध्ये ते मुक्त इलेक्ट्रॉनाच्या २५ ते ९० पट मिळाले. जडपणा हा केवळ उष्मेच्या आकड्यातला नव्हता. तो खरोखर धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा होता.

या काळात मुंबईही स्वस्थ बसलेली नव्हती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दुर्मिळ-मृदा संयुगांवर काम चालू होते. युरोपियम, पॅलेडियम आणि सिलिकॉन यांच्या संयुगात युरोपियमची संयुजा तापमानानुसार झपाट्याने पालटते, हे तेथील गटाने १९८१ मध्ये दाखवले होते. हा जड इलेक्ट्रॉनांचा सख्खा शेजारी विषय. जानेवारी १९८७ मध्ये या विषयाची पाचवी आंतरराष्ट्रीय परिषद बंगळुरू येथे भरली आणि तिचे इतिवृत्त याच संस्थेच्या एल. सी. गुप्ता आणि एस. के. मलिक यांनी संपादित केले. योगायोग पाहा : दोनच महिन्यांनी, १८ मार्च १९८७ रोजी, न्यूयॉर्कमध्ये तांबे-ऑक्साइडच्या अतिवाहकांवरची ती प्रसिद्ध रात्रभराची सभा झाली आणि जगाचे लक्ष ९० केल्विनकडे गेले. अर्ध्या केल्विनचे पदार्थ मागे पडले. पण चुंबकत्वाच्या सान्निध्यात अतिवाहकता नांदू शकते, हा धडा आधी त्यांनीच दिला होता.

सुसंगती कोणत्या तापमानाला सुरू व्हावी? सॅबॅस्टियन डोनियाक यांनी १९७७ मध्ये दोन मोजपट्ट्यांची झुंज मांडली होती. एक कोंडोंची, घातांकी. दुसरी अणूंनी एकमेकांना केलेल्या इशाऱ्यांची, बंधाच्या बळाच्या वर्गाप्रमाणे वाढणारी. बंध दुबळा असेल तर इशारे जिंकतात आणि पदार्थ चुंबकीय होतो. बंध बळकट असेल तर कोंडो जिंकतो आणि जड धातू मिळतो. फ्रेंच सैद्धांतिक फिलिप नोझिएर यांनी १९८५ मध्ये एक अडचण उभी केली. अणूचे चुंबकत्व झाकायला कोंडो मोजपट्टीच्या आतले इलेक्ट्रॉनच कामी येतात आणि ते अणूंच्या मानाने फारच थोडे असतात. मग सगळ्यांना पांघरूण पुरेल कसे? या युक्तिवादानुसार सुसंगती कोंडो तापमानाच्याही बरीच खाली उगवायला हवी.

२००१ मध्ये लॉस अलामोसच्या गटाने सिरियम, कोबाल्ट आणि इंडियम (एक, एक, पाच) यांचे संयुग अतिवाहक असल्याचे दाखवले, तेही २.३ केल्विनला, म्हणजे या कुळाच्या मानाने फारच वर. पुढच्याच वर्षी नाकात्सुजी आणि सहकाऱ्यांनी त्यातील सिरियम काढून लँथनम भरत नेले आणि एकट्या सिरियमचे कोंडो तापमान काढले. ते २ केल्विनपेक्षाही कमी निघाले. शुद्ध संयुगात मात्र सुसंगतीची चाहूल ४५ केल्विनच्या आसपासच लागत होती. नोझिएर यांचा युक्तिवाद ज्या दिशेला बोट दाखवत होता, त्याच्या नेमके उलट. २००८ मध्ये यीफेंग यांग, फिस्क, डेव्हिड पाइन्स आणि सहकाऱ्यांनी अनेक पदार्थांचे आकडे मांडून दावा केला की सुसंगतीचे तापमान कोंडोंच्या मोजपट्टीवर नव्हे, तर अणूंच्या परस्पर इशाऱ्यांच्या मोजपट्टीवर ठरते. डोनियाक यांच्या झुंजीत जो जड धातूचा शत्रू होता, तोच इथे त्याचा सूत्रधार ठरत होता.

सर्वांना हे पटलेले नाही. त्याच सिरियम-कोबाल्ट-इंडियमवर प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या अलीकडच्या प्रयोगांत ४एफ इलेक्ट्रॉन ४५ केल्विनच्या कितीतरी वरच हालचालीत सामील होऊ लागल्याचे दिसते. तेव्हा सुसंगती एका तापमानाला 'सुरू' होते की हळूहळू पसरत जाते, हाच वाद आता रंगला आहे. जुन कोंडो मार्च २०२२ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले, तेव्हाही तो चालूच होता.